पत्रपेटीवर नाव लावा : जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलांचे पहिले शंभर दिवस



मी इंदूरहून बोलतोय. फौजेत ३४ वर्षं काढली आणि त्यात १६ बदल्या पाहिल्या. निवृत्तीनंतर मुलगी जर्मनीत एम.एस. करायला गेली. तिच्या निमित्ताने मी तिथल्या नियमांचा अभ्यास केला, दोन महिने तिथे राहूनही आलो. तेव्हापासून इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी घरांतून फोन येतात. "कर्नलसाहेब, मुलगा ऑक्टोबरमध्ये निघतोय, काय सांभाळायचं?" आज त्याचंच उत्तर देतो.

फौजेत बदली झाली की नव्या ठिकाणी पहिलं काम असतं अरायव्हल रिपोर्ट देण्याचं. मग पार्ट टू ऑर्डरमध्ये तुमची हजेरी छापून येते. ती येईपर्यंत तुम्ही कितीही कर्तबगार असा, पगार, क्वार्टर, सुट्टी सगळं अडकतं. जर्मनीचा कारभार मला याच कारणाने ओळखीचा वाटला. तिथे माणसाआधी त्याचा कागद पोहोचावा लागतो, आणि एका कागदावरून दुसरा निघतो. घर मिळालं की घरमालकाचं पत्र, त्या पत्रावर नगरपालिकेत नोंदणी, नोंदणीवर बाकीची कामं आणि शेवटी राहण्याचा परवाना. मधली एक कडी तुटली की पुढचं सगळं थांबतं.

आपली मुलं अभ्यासाची तयारी करून जातात. भाजणी, लोणचं, कुकर घेऊन जातात. पण पहिल्या शंभर दिवसांत मुलं अडखळतात ती बहुतेक वेळा न उघडलेल्या पाकिटामुळे किंवा हुकलेल्या तारखेमुळे. आणि त्याहून जास्त, ती गोष्ट घरी न सांगितल्यामुळे.

निघण्यापूर्वी

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे तुम्ही ऐकलेलं असेल. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं. शिवाय दर सत्राला एक वर्गणी सगळीकडेच भरावी लागते.

राहण्याखाण्याचा खर्च तुम्हाला झेपेल हे व्हिसासाठी दाखवावं लागतं. त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. १ सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. ही रक्कम बदलत असते, म्हणून निघण्याआधी जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहा. या खात्यातून महिन्याला फक्त ९९२ युरो हातात येतात. नेमकं इथे घरच्यांचं गणित चुकतं. पहिल्या महिन्यात खोलीची अनामत भरायची असते, सत्राची वर्गणी भरायची असते, पांघरूण आणि थंडीचे बूट घ्यायचे असतात. ९९२ युरोत हे बसत नाही.

अनामतीचा हिशेब समजून घ्या. भाडं दोन प्रकारचं सांगतात. 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं आणि 'वार्ममीटे' म्हणजे त्यात हीटिंग वगैरे धरून. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते, असा कायदा आहे. ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्कही भाडेकरूला आहे. समजा नुसतं भाडं ४०० युरो आहे, तर अनामत १,२०० युरोपर्यंत जाऊ शकते. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, पहिल्याच दिवशी वापरता येतील असे दोन-तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे सोबत असू द्या.

खोली शोधताना दोन गोष्टी पाळा. घरमालक परदेशात आहे, चावी कुरियरने येईल, आधी पैसे पाठवा, असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. ही फसवणुकीची जुनी रीत आहे. आणि तात्पुरती खोली घेताना पहिलाच प्रश्न विचारा, या पत्त्यावर नोंदणी करता येईल का? अनेक तात्पुरत्या जागांवर ती करता येत नाही, आणि तिच्याशिवाय पुढचं गाडं हलत नाही.

कागदांची एक फाईल करा. पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र, पदवी आणि सगळ्या गुणपत्रिका, विम्याचं पत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, जन्माचा दाखला, औषधं चालू असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. मूळ कागद हातातल्या बॅगेत, झेरॉक्स मोठ्या बॅगेत, स्कॅन केलेला संच आईवडिलांकडे. सामान विमानात चुकलं तर लोणचं नवं मिळेल, मूळ गुणपत्रिका मिळायला महिने जातील.

पहिले चौदा दिवस

कायमच्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात नाव नोंदवायचं असतं. याला 'आन्मेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो. ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहते आहे, एवढंच त्यात असतं. नुसता भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. चावी घेतानाच हा फॉर्म मागून घ्या.

मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ लवकर मिळत नाही. पत्ता पक्का झाला की भारतातूनच ऑनलाइन वेळ घ्या. चौदा दिवसांच्या पुढची तारीख मिळाली तर तिची छापील पावती जपून ठेवा. आपण वेळेत प्रयत्न केला, हे तिच्यावरून दाखवता येतं.

आता या भागाच्या नावाकडे येतो. आपल्याकडे पोस्टमन माणसाला ओळखतो. "जोशींचा मुलगा ना? दुसरा मजला," म्हणून पत्र पोहोचतं. तिथल्या इमारतींत बहुधा फ्लॅटला नंबर नसतो. घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव असतं, तोच पत्ता. तुमचं नाव पेटीवर नसेल तर पत्र परत जातं.

बडोद्याच्या एका मुलाचं असंच झालं. चार जणांच्या घरात खोली मिळाली, पेटीवर नाव आधीच्या भाडेकरूचं. बँकेचं कार्ड आलं आणि परत गेलं. पुन्हा मागवलं, पुन्हा परत गेलं. पाच आठवडे पोराने मित्रांकडून उसने घेऊन दिवस काढले. घरी मात्र फोनवर "सगळं ठीक आहे." शेवटी एका सीनिअर मुलीने विचारलं, पेटीवर नाव लावलंस का? कागदाची एक पट्टी आणि चिकटपट्टी, एवढाच उपाय होता.

पेटीत काय काय येतं ते ऐका. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन वेगवेगळ्या पाकिटांत येतात. आरोग्य विम्याचं कार्ड येतं. नोंदणीनंतर काही आठवड्यांत करखात्याचा ओळख क्रमांक येतो, तो नोकरीला लागतो आणि जन्मभर तोच राहतो. सरकारी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. ही वर्गणी महिन्याला १८.३६ युरो आहे आणि ती माणशी नसते, घरामागे असते. एका घरात चौघं राहत असतील तर एकाने भरायची आणि चौघांत वाटून घ्यायची. माझ्याकडे टीव्ही नाही म्हणून पत्र फेकून दिलं तर थकबाकी आणि दंड वाढत जातो.

कधी पिवळं पाकीट येतं. ते सरकारी किंवा कोर्टाच्या कामाचं असतं. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि उत्तराची मुदत तिथपासून मोजली जाते. पाकीट पेटीत पडलं की ते तुम्हाला मिळालं असं धरतात. तुम्ही वाचलं की नाही, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

म्हणून शिस्त अशी ठेवा. रोज संध्याकाळी पेटी उघडायची. पत्र त्याच दिवशी फोडायचं. जर्मन येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर वाचायचं. पत्रात 'फ्रिस्ट' हा शब्द शोधायचा. फ्रिस्ट म्हणजे मुदत. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची आणि पत्र फाईलला लावायचं. याला दिवसाची दहा मिनिटं लागतात.

विमा आणि परवाना

आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवलं जात नाही. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो. खासगी विमा सुरुवातीला स्वस्त दिसतो, पण सार्वजनिक विम्यातून सूट घेऊन एकदा खासगीकडे गेलात की शिक्षण संपेपर्यंत साधारणपणे परत येता येत नाही. सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारा.

भारतातून मिळालेला व्हिसा हा प्रवेशापुरता असतो. त्याची तारीख संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज द्यावा लागतो. इथे एक शब्द अधोरेखित करा, 'आधी'. मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर राहतं आणि तसा तात्पुरता दाखलाही मिळतो. अर्ज उशिरा गेला तर हे संरक्षण मिळेलच असं नाही. अर्ज केला त्याचा पुरावा जपा. हातात तात्पुरता दाखला असताना दिवाळीला घरी यायचं तिकीट काढण्यापूर्वी, त्यावर परत प्रवेश मिळेल ना, हे त्याच कार्यालयाला विचारून घ्या.

वर्गात बसणं म्हणजे परीक्षेला बसणं नाही

हैदराबादची एक हुशार मुलगी पहिल्या सत्रात एकही तास चुकली नाही. परीक्षेच्या दिवशी गेली तर यादीत नावच नाही. आपल्याकडे वर्गात नाव असलं की हॉलतिकीट येतं. जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांत प्रत्येक विषयाच्या परीक्षेसाठी वेगळी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि तिलाही मुदत असते. ती हुकली की तो पेपर पुढच्या संधीवर जातो.

गुणांची पद्धत उलटी आहे. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. मुलाने "मला १.३ मिळाले" म्हटलं तर आजीने काळजी करू नये, पेढे वाटावेत.

पण एका नियमाकडे गंभीरपणे पाहा. एका विषयाच्या परीक्षेला बहुधा तीनच संधी असतात. शेवटच्या संधीतही सक्तीचा विषय राहिला तर तो अभ्यासक्रम तिथेच संपतो, आणि जर्मनीत दुसरीकडे तोच अभ्यासक्रम घ्यायलाही साधारणपणे बंदी येते. परवाना शिक्षणासाठी असतो, त्यामुळे तोही धोक्यात येतो. आपल्याकडची "एटीकेटी लागली, पुढच्या वेळी बघू" ही सवय तिथे महागात पडते. तुमच्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली पहिल्या महिन्यातच डाउनलोड करून संधी किती, नोंदणी कधी, माघार कधीपर्यंत घेता येते, हे तीन मुद्दे लिहून काढा.

आणखी एक तारीख. प्रत्येक सत्राला वर्गणी भरून आपण शिकतो आहोत हे विद्यापीठाला पुन्हा कळवावं लागतं. ते विसरलात आणि स्मरणपत्रही पाहिलं नाहीत, तर नाव कमी होऊ शकतं.

हजेरीची सक्ती बऱ्याच ठिकाणी नसते आणि सगळं वजन शेवटच्या एका परीक्षेवर असतं. त्यामुळे आपण मागे पडलोय हे जानेवारीपर्यंत लक्षातच येत नाही. प्राध्यापकांना भेटायच्या ठरलेल्या वेळा असतात. जा, विचारा. ते रागवत नाहीत, मात्र प्रश्न नेमका हवा. वेळापत्रकात वेळेपुढे 'सी. टी.' लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. अनोळखी आणि मोठ्यांशी बोलताना 'झी', मित्रांशी 'डू'. 'तुम्ही' आणि 'तू' यांतला फरक आपल्याला घरातच शिकवलेला असतो, त्यामुळे मराठी मुलांना हे जड जात नाही.

काम करा, पण त्यावर घर चालवू नका

मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. स्वतंत्र व्यवसाय मात्र वेगळ्या परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून काम घेताना विचारा, मी नोकर आहे की कंत्राटदार? लेखी करार आणि पगाराची पावती मागा. आणि आईबाबांनो, कर्जाचा हप्ता मुलाच्या अर्धवेळ नोकरीवर ठरवू नका. पहिल्या सत्रात त्याला अभ्यासालाच वेळ लागणार आहे.

शेजार आणि रस्ता

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, दूध आणि भाजी शनिवारीच आणून ठेवायची. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ते परत मिळतात. हिवाळ्यातही रोज काही मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची. फोडणीच्या वाफेने भिंतीला बुरशी धरली तर अनामतीतून पैसे कापले जाऊ शकतात. ट्राममध्ये विनातिकीट सापडलात तर ६० युरो भरावे लागतात, आणि नवीन आहे ही सबब चालत नाही.

हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, पोलीस ११०, दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. भारताचा दूतावास बर्लिनला आहे आणि वाणिज्य दूतावास म्युनिक, फ्रँकफर्ट आणि हॅम्बुर्गला.

उंचीची सवय

आता आईबाबांसाठी थोडं. फौजेत ९,००० फुटांच्या वर जाताना धडधाकट जवानालाही पहिल्या टप्प्यावर सहा दिवस थांबवतात, त्यातले पहिले दोन दिवस नुसती विश्रांती. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा चार दिवस. कोणी म्हणालं, "साहेब, मी तगडा आहे, मला गरज नाही," तरी त्याला सोडत नाहीत. विरळ हवेला तब्येतीचा रुबाब चालत नाही. आणि डोकं दुखतंय हे जो लपवतो, तोच जवान सगळ्यांत धोक्यात असतो.

परदेशातलं पहिलं सत्र असंच असतं. आपली मुलं ऑक्टोबरमध्ये पोहोचतात आणि दोन महिन्यांत अंधार वाढतो. डिसेंबरमध्ये बर्लिनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. वर्गात पहिला येणारा मुलगा तिथे मधल्या फळीत जातो. झोप बिघडते, जेवण ब्रेडवर येतं, पत्रं टेबलावर साचतात. यात मुलगा कमकुवत आहे असं काही नाही. ही उंचीची सवय होते आहे. पण ती लपवली तर आजार होतो.

भारताचं घड्याळ तिथल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतं. रविवारी आपल्याकडे रात्री साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात तिथे संध्याकाळचे पाच. ही वेळ ठरवून घ्या. "कसा आहेस?" असं विचारलंत तर "ठीक" हेच उत्तर येणार. फौजेत "सब ठीक" हा रिपोर्ट धरत नाहीत. त्याऐवजी विचारा, या आठवड्यात पेटीत काय आलं? काय शिजवलंस? कोणाला भेटलास? ज्याने आठवडाभरात पत्र फोडलेलं नाही, स्वयंपाक केलेला नाही आणि कोणाशी बोललेला नाही, त्याला मदतीची गरज आहे, तो तोंडाने काहीही म्हणो. विद्यापीठात आणि विद्यार्थी-सेवा संस्थेत, जिला 'श्टुडिअरेंडेनवेर्क' म्हणतात, समुपदेशक असतात. त्यांच्याकडे जाणं म्हणजे पायाला बँडेज बांधून घेण्यासारखंच आहे.

आणि मुलांनो, अडचण कळवायला उशीर करू नका. वाईट बातमी पहिल्या दिवशी सांगितली तर ती अडचण असते, तिसऱ्या महिन्यात सांगितली तर ते संकट झालेलं असतं. वडील चिडतील, तासाभराने शांत होतील. घर गहाण टाकून ज्यांनी पाठवलं त्यांना तुमचे गुण हवे आहेत हे खरं, पण त्याआधी तुम्ही हवे आहात. आणि आईबाबांनो, तुमच्याकडून एकच अपेक्षा आहे. ती बातमी आली तर पहिल्या वाक्यात पैशांचा उल्लेख करू नका. एकदा तसं झालं की पुढची बातमी तुमच्यापर्यंत येणार नाही.

एकटं पडू नये यासाठी फौजेत 'बडी' असतो, प्रत्येकाचा एक जोडीदार. तुम्हीही पहिल्या आठवड्यात एक बडी ठरवा. तो मराठीच असला पाहिजे असं नाही. दोन दिवस तुम्ही दिसला नाहीत तर जो दार वाजवील, तो बडी. अनेक शहरांत मराठी मंडळी गणपतीला आणि दिवाळीला एकत्र येतात, तिथेही जरूर जा. नुसतं जेवायला नको, खुर्च्या लावायला जा. ओळख खुर्च्या लावताना होते.

या ऑक्टोबरमध्ये ज्यांच्या घरातून कोणी निघतंय, त्यांनी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक छोटी गोष्ट टाका. पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये आडनाव छापलेल्या दोन पट्ट्या, एक पत्रपेटीसाठी आणि एक घंटीसाठी. सोबत चिकटपट्टी. खोलीची चावी मिळाली की सामान उघडण्याआधी त्या लावायच्या आणि त्याचा फोटो घरी पाठवायचा. तोच तुमचा अरायव्हल रिपोर्ट.

पुढच्या भागात शैक्षणिक कर्जाबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या. जय हिंद.